अहवालाची शेवटची ओळ

हेमांगी पालशेतकर पुण्याला नेमकं काय काम करते, हे गावात कुणाला धड सांगता येत नसे. तिची सुगंधाआत्या मात्र बेधडक सांगायची, "आमची हेमा कागदं शिवते. ज्याच्या त्याच्या मापाची." ऐकणाऱ्याला वाटे, बाई आपलं काहीतरी ठोकून देते आहे. पण इतकं नेमकं वर्णन हेमांगीच्या कंपनीलाही कधी जमलं नव्हतं.

त्या कंपनीचं 'समतोल' नावाचं सॉफ्टवेअर होतं. कारखान्यांनी, बंदरांनी, नगरपालिकांनी निसर्गाकडून काय घेतलं, त्यात काय सोडलं आणि किती भरून दिलं, याची मोजमापं त्यात रात्रंदिवस येऊन पडत. पूर्वी त्यांचा तीनशे पानी अहवाल निघायचा आणि छापणाऱ्याखेरीज तो कुणी उघडत नसे. २०३८ साली हेमांगीनं त्यावर तोड काढली. तिनं अहवालाचे लहान लहान तुकडे केले आणि ते कसे जोडायचे हे वाचणाऱ्याच्या हाती दिलं. कुणाला आलेख हवा, कुणाला तीनच वाक्यं हवीत, कुणाला रोजचं हवं, कुणाला वर्षाचं. हवं ते ठेवा, नको ते गाळा, लिहिता येत नसेल तर बोलून सांगा. या सोयीचं नाव 'आपला अहवाल'. दोन वर्षांत ती चाळीस देशांत वापरली जाऊ लागली, आणि कंपनीचा प्रमुख सारंग गद्रे, जो कॉलेजात हेमांगीच्याच बाकावर बसून तिच्या वह्या उतरवायचा, तो आता तिची ओळख करून देताना आधी घसा साफ करू लागला.

हेमांगीचा या सोयीवर मनापासून विश्वास होता. आई लवकर गेली, वडील बोटीवर, म्हणून तिला वाढवलं ते आत्यानं. आत्याला वाचता येत नसे. सरकारी कागद आला की ती तो पदरात गुंडाळून शाळेतून हेमा यायची वाट बघत बसायची. दहा वर्षांची पोरगी तो मोठ्यानं वाचायची, आणि वाचून झाल्यावर दोघींनाही त्यातलं काही कळलेलं नसायचं. कागद माणसाच्या मापाचा असावा, हे हेमांगीच्या डोक्यात तेव्हाच बसलं होतं.

म्हणूनच शिरसवण्याच्या खाडीचं काम आलं, तेव्हा ते तिनं दुसऱ्या कुणाकडे जाऊ दिलं नाही. शिरसवणे हे तिचंच गाव.

खाडीच्या तोंडाशी सागरदीप ऊर्जा नावाचा प्रकल्प उभा राहून चार वर्षं झाली होती. उन्हाच्या विजेनं पाण्याची फोड करून हायड्रोजन काढायचा, त्यावर जहाजं आणि ट्रक चालवायचे. धूर नाही, राख नाही. फोडायला गोडं पाणी लागतं, ते समुद्राच्या पाण्यातून काढतात, आणि मागे उरतं ते दुप्पट खारं, जड पाणी परत खाडीत सोडतात. परवाना होता, मोजमापं होती, सगळं कायद्यात बसत होतं. आता प्रकल्पाला दुसरं युनिट उभारायचं होतं आणि त्यासाठी पौषात जनसुनावणी लागली होती. कायद्याप्रमाणे प्रकल्पानं आपला अहवाल मांडायचा आणि खाडीवर पोट असलेल्यांनी आपला. दोन्ही अहवाल एकाच मोजमापांवरून, 'समतोल'मधूनच निघायचे होते. खाडीवर पोट असलेले म्हणजे तिसऱ्या, चिखलातले खायचे शिंपले, काढणाऱ्या अकरा बायका, आणि त्यांच्यातलीच म्होरकी सुगंधाआत्या.

कार्तिकात हेमांगी गावी आली ती बायकांचा अहवाल जुळवून द्यायला. आत्यानं तिला चहा दिला, पुढ्यात बसली आणि म्हणाली की अहवाल वगैरे मागाहून, आधी हे बघ. तिनं सुपात शिंपले ओतले. सगळे आ वासलेले. आत मांस नाही, नुसता चिखल.

"गेलं वरीसभर असंच चाललंय," आत्या म्हणाली. "टोपलीभर काढावं तर त्यातलं निम्मं रिकामं."

हेमांगीनं टॅबलेट उघडला. खाडीत मोजमापं घेणारे पाच बोये तरंगत होते. प्रत्येक जिवाच्या अंगातून काही ना काही पाण्यात गळत असतं, कातडीचा कण, लाळ, विष्ठा. त्यात त्या जिवाचा डीएनए असतो, आणि तो विरघळून जायला एक-दोन दिवस लागतात. पूर्वी असं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवावं लागे. आता बोयाच्या पोटात बसवलेलं यंत्र दर सहा तासांनी घोटभर पाणी ओढून घेई आणि त्यातले तुकडे वाचून सांगे की इथे बोय मासे किती, कोळंबी किती, तिसऱ्या किती. प्राणी न पकडता, न मारता खाडीची खानेसुमारीच. हेमांगीला या यंत्राचं फार कौतुक होतं.

आणि यंत्र सांगत होतं की तिसऱ्या वाढल्या आहेत. गेल्या वर्षापेक्षा अठरा टक्क्यांनी. पडद्यावर हिरवा बाण वर तोंड करून उभा होता.

आत्या बाणाकडे बघत राहिली. मग तिनं एक रिकामा शिंपला उचलून हेमांगीच्या तळहातावर ठेवला. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण हेमांगीनं आयुष्याची पंधरा वर्षं आरसे बनवण्यात घातली होती. तिनं शांतपणे समजावलं की एका जागी हाताला काय लागतं त्यावरून सगळ्या खाडीचं ठरवता येत नाही. आत्यानं मान डोलावली, पण ती पटल्याची मान नव्हती, आणि हे हेमांगीला कळत होतं.

मग अहवाल कसा जुळवायचा ते तिनं आत्याला शिकवलं. फोनशी बोलायचं. हवं ते माग, नको ते सांग, ते गळून जाईल. आत्या चटकन शिकली. थोडा विचार करून ती फोनला म्हणाली, "चार नंबरचा बोया नको." हेमांगीनं का म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "ती द्येवीची फाटी. तितं आमी जात नाय, तर तिचं मोजमाप कशाला?"

देवीची फाटी म्हणजे खाजणातला, खाडीकाठच्या चिखलाच्या जमिनीतला, एक पट्टा, चार बांबू रोवून राखलेला. तिथल्या तिसऱ्यांना हात लावायचा नाही, ही पिढ्यांची रीत. त्या पट्ट्यातलं बी सगळ्या खाडीत पसरतं असं जुन्या बायका म्हणायच्या, आणि अभ्यासकांनीही पुढे तेच म्हटलं. ही रीत पाळतात म्हणूनच तर सरकारनं खाजणावरचा सामुदायिक हक्क या बायकांच्या नावानं लिहून दिला होता. आत्याची ती भाविक अडचण ऐकून हेमांगीला हसू आलं. तिनं चार नंबर गाळू दिला.

दुसऱ्या दिवशी ती आत्याबरोबर खाजणात उतरली. किती वाजता निघायचं, असं तिनं विचारलं आणि सवयीनं फोनकडे बघितलं. आत्यानं बोटांची पेरं मोजली.

"आज नवमी. नऊ पाऊण पावणेसात. पावणेसातला भरती, म्हंजे एकाच्या सुमारास सुकती."

हा हिशेब खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. हेमांगीलाही लहानपणी तोंडपाठ होता. पुण्याला गेल्यावर तो कधी विसरली हेही तिला आठवेना.

एक वाजता दोघी कमरेइतक्या पाण्यात उभ्या होत्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी चढतंही खूप आणि उतरतंही खूप, सगळी खाडी धुऊन निघते. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी जागच्या जागी डुलतं, ना नीट चढत ना नीट उतरत. हेमांगी पायानं चिखल चाचपत होती. वरचं पाणी कोमट होतं आणि तळाशी घोट्याभोवती काहीतरी वेगळंच लागत होतं, जड आणि बुळबुळीत. तिनं वाकून तळाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि जिभेला लावलं. जीभ चरचरली.

"भांगात असंच असतं हल्ली," आत्या म्हणाली. "मी बोललंय सगळ्यांना. तुज्या त्या बाणाला कोन सांगनार?"

हेमांगी तशीच ओल्या साडीनं परतली आणि पडवीत बसून टॅबलेट उघडला. तिच्या 'आपल्या अहवाला'त मोजमापं दिवसानुसार मांडता येत होती, आठवड्यानुसार, महिन्यानुसार, वर्षानुसार. चाळीस देशांतल्या कुणालाही याहून वेगळं काही लागलं नव्हतं. तिथीनुसार मांडायची सोय तिनं केलीच नव्हती. खाडीवर वाढलेल्या बाईनं खाडीचा अहवाल बनवला होता, आणि त्यात जानेवारी-फेब्रुवारी होते पण अष्टमी नव्हती. दुसऱ्या कुणाकडून ही चूक झाली असती तर तिनं त्याचं गावभर हसं केलं असतं. आता तिचेच कान तापले.

सोय करायला तासभर लागला. मग तिनं वर्षभराची मोजमापं तिथीवार लावली आणि हिरवा बाण मोडून पडला. तिसऱ्यांचा डीएनए वर्षभर सावकाश वाढला नव्हता. दर पंधरवड्याला अष्टमीपासून दशमीपर्यंत तो एकदम उसळत होता आणि उधाण आलं की पार खाली जात होता. उसळी कशाची, हे समजायला तिला फार वेळ लागला नाही. जिवंत तिसरी मिटून बसते, तिच्यातून थोडंसंच गळतं. मेलेली उघडते, कुजते, आणि तिच्यातलं सगळंच्या सगळं पाण्यात उतरतं. मरताना जीव जास्त बोलतो. प्रकल्पाचं जड पाणी उधाणात वाहून जात होतं, पण भांगात ते तळाशी साचून राहत होतं, आणि तळाशीच तिसऱ्या होत्या. महिन्याची सरासरी काढली की मरणाचा तो सगळा गलका जगण्यात मोजला जात होता.

तिला फार वाईट वाटलं. कुणी खोटं बोललं असतं तर रागवायला तरी जागा होती. इथे कुणीच खोटं बोललं नव्हतं.

पुण्यात सारंगनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिथीचा पर्याय लगेच घाल म्हणाला, ज्याला हवा तो घेईल. हेमांगी म्हणाली, तेच तर दुखणं आहे. ज्याला तो नको असेल तो घेणारच नाही, आणि आपण त्याला आपल्या हातानं न बघायची सोय करून दिलेली आहे. सागरदीपच्या पर्यावरण अधिकारी नीरजा सबनीस सरळ बाई होत्या. परवान्याच्या अर्जात महिन्याची सरासरी मागतात म्हणून त्या महिन्याची सरासरी देत होत्या. माप ज्याचं त्यानं घ्यायचं म्हटलं की सदरा अंगाला घट्ट बसत नाही, मनाला बसतो.

तिच्या मनात एक ओळ होती. अहवाल कुणी कसाही जुळवावा, वाटेल ते ठेवावं, वाटेल ते गाळावं. पण अहवाल पुरा झाला की यंत्रानं तीच मोजमापं हजारो निरनिराळ्या तऱ्हांनी लावून बघायची: आठवड्यानं, तिथीनं, हा बोया धरून, तो सोडून. त्यातली कोणती मांडणी या अहवालाच्या नेमकं उलट सांगते ते शोधायचं. योगायोगानं उलट दिसणारं धरायचं नाही. निम्मी मोजमापं घेतली तरी जे टिकतं तेवढंच. आणि ते साध्या एका वाक्यात शेवटी लिहायचं. ही ओळ कुणाला हलवता येणार नाही, बारीक करता येणार नाही, पुसता येणार नाही.

सारंगनं दोन दिवस घेतले. गिऱ्हाईकं पळतील हे त्याला दिसत होतं, आणि ते तो लपवतही नव्हता. तिसऱ्या दिवशी तो तिच्या टेबलाशी येऊन बसला.

"जनसुनावणीपुढे जाणाऱ्या अहवालांना लावून बघू. पण अट आहे. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. सागरदीपच्या अहवालाला, तशीच तुझ्या आत्याच्याही."

हेमांगी चटकन हो म्हणाली. आत्याच्या अहवालाचं उलटं काय निघणार, असा तिला प्रश्न पडला, आणि तो प्रश्न तिनं तिथेच सोडून दिला. आपला तो बाब्या, एवढं साधं तिच्या लक्षात आलं नाही.

सुनावणीला तीन दिवस राहिले असताना तिनं दोन्ही अहवालांवर यंत्र चालवून पाहिलं. सागरदीपच्या अहवालाखाली ओळ उमटली: 'हीच मोजमापं तिथीनुसार लावली तर तिसऱ्या वाढलेल्या नसून दर भांगात मरत आहेत असं दिसतं.' हेमांगीनं समाधानानं खुर्चीला पाठ टेकली आणि तिसऱ्या भांगात मरतात असं सांगणारा बायकांचा अहवाल घेतला. त्याखालीही ओळ उमटली.

'वगळलेला चार नंबरचा बोया धरला, तर त्या पट्ट्यातली घट भांगाशी जुळत नाही. मागच्या मार्चमध्ये चार दिवसांत तिथल्या बहुतेक तिसऱ्या एकदम नाहीशा झाल्या आहेत.'

तिनं ते वाक्य तीनदा वाचलं. जड पाण्यानं तिसऱ्या मरतात त्या मागे खुणा ठेवून मरतात. चार दिवसांत काही मागे न ठेवता नाहीशा होतात त्या टोपलीतून. देवीच्या फाटीत माणसं उतरली होती.

ती त्याच दिवशी शिरसवण्याला निघाली. वाटभर तिच्या डोक्यात एकच होतं. ही ओळ सुनावणीत वाचली गेली की प्रकल्पाला आयतं हत्यार मिळणार. खाडी आम्ही नाही उपसली, त्यांनीच उपसली, असं म्हणायला ते मोकळे. वर फाटी मोडली म्हणून बायकांचा हक्कही जाईल. आणि ओळ तर अजून हेमांगीच्या हातात होती. नियम सुनावणीच्या आदल्या दिवशी सगळीकडे लागू व्हायचा होता. तोवर एका अहवालावरून ती काढून टाकायला दोन मिनिटं पुरली असती, आणि ते कुणाला कळलंही नसतं.

आत्या पडवीत जाळं शिवत बसली होती. हेमांगीनं फोनवर ती ओळ तिला ऐकवली. आत्याची सुई थांबली.

मग तिनं सगळं सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. मागच्या शिमग्याआधी टोपल्या रिकाम्या यायला लागल्या. जिथे हात घालावा तिथे आ वासलेले शिंपले. कलेक्टर कचेरीत दोनदा जाऊन आल्या. तिथे त्यांना हिरवा बाण दाखवला. मग एका दुपारी अकराजणी फाटीशी उभ्या राहिल्या. तिथलं खाजण उंचावर, जड पाणी तिथवर पोचत नव्हतं, तिसऱ्या जिवंत होत्या. कुणाचा पाय पुढे होईना. शेवटी आत्याच आत गेली, मागून बाकीच्या. चार दिवस. बी-बियाण्याएवढं बारीकही ठेवलं नाही. पाचव्या दिवशी बांबू परत नीट रोवून देवीला नारळ दिला.

"तो नारळ काय द्येवीनं घेतला नसंल," आत्या म्हणाली.

हेमांगीला रागही येत होता आणि रडूही. ज्या हिरव्या बाणानं या बायकांना परत पाठवलं तो तिनंच घडवलेला होता. ती हळूच म्हणाली की ही एक ओळ आपण काढू शकतो. फक्त या अहवालावरून. मी काढू शकते.

आत्यानं तिच्याकडे असं बघितलं की हेमांगी पुन्हा दहा वर्षांची झाली.

"आनि त्यांची ऱ्हाऊ द्यायची?"

"त्यांची खरी आहे आत्या."

"माजी खोटी हाय?"

आत्यानं सुई पुन्हा जाळ्यात घातली, दोन गाठी मारल्या, आणि मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू कागदं शिवतंस ना, मग शीव नीट."

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. अध्यक्षस्थानी प्रांत अधिकारी बाई होत्या. आधी सागरदीपचा अहवाल पडद्यावर आला, हिरवा बाण, सुबक आलेख, आणि खाली ती ओळ. सभागृहात कुजबुज झाली. नीरजा सबनीसांनी ती ओळ स्वतः वाचून दाखवली, हे त्यांच्या सभ्यपणाला धरूनच झालं. पण पुढे त्या म्हणाल्या की तिसऱ्या कमी व्हायला आणखीही कारणं असू शकतात, उपसा हेही त्यातलं एक, आणि सगळा दोष एकट्या प्रकल्पावर घालणं बरोबर नाही. हेही खोटं नव्हतं.

मग बायकांची पाळी आली. आत्याचा अहवाल बोलका होता. तिनं फोन माइकाला लावला आणि शेवटची ओळ येईपर्यंत माइक सोडला नाही. चार नंबरचं वाक्य सभागृहात पुरं ऐकू गेलं. मागे बसलेल्या दहाजणींच्या माना खाली गेल्या. एकीनं तर उठून बाहेरचा रस्ता धरला.

"त्या चार दिसांत पुढं मी होते," आत्या म्हणाली. "बाकीच्या माज्या मागनं आल्या, त्यांच्याकडं बघू नका. आमचा गुन्हा आमी कागदावर आनला. रिकाम्या टोपलीनं द्येवीच्या जागेत नेलं आमाला, पन गेलो आमी आमच्या पायानं. आता तुमी तुमच्या भांगाचं बोला."

सबनीस बाई उभ्या राहिल्या. मग त्यांनी प्रांत बाईंना सांगितलं की भांगाच्या दिवसांत पाणी टाक्यांत अडवून उधाणात सोडणं अशक्य नाही. त्याला टाक्या बांधाव्या लागतील इतकंच. आजवर ते कुणी मागितलं नव्हतं, आणि आम्हालाही दिसलं नव्हतं.

निकाल महिन्यानं आला. दुसरं युनिट अडलं. आहे त्या युनिटनं सप्तमी ते एकादशी एक थेंबही खाडीत सोडायचा नाही. सरकारी कागदावर तिथ्या आलेल्या बघून सारंगनं त्याची चौकट करून कचेरीत लावली. तीन गिऱ्हाईकं सोडून गेली, आणि चौथ्यानं आपणहोऊन ती ओळ मागून घेतली. पण निकालाचं दुसरंही कलम होतं. बायकांचा हक्क राहिला, मात्र खाजण दोन वर्षं बंद. कुणीही उतरायचं नाही, त्यांनीही नाही.

ती दोन वर्षं सोपी गेली नाहीत. दहापैकी तिघींनी आत्याशी बोलणं टाकलं. तू गप्प बसली असतीस तर काय बिघडत होतं, असं एकीनं तिला भर बाजारात विचारलं. ती जाळी शिवून द्यायची, बोयांवरचं शेवाळ खरवडायची मजुरी करायची, आणि सुकतीच्या वेळी पाळूवर, खाडीच्या बांधावर, बसून नुसती खाजणाकडे बघायची. हेमांगी महिन्यातून एकदा यायची. ती ओळ आपण लिहिली हे ती विसरू शकत नव्हती. आत्यानं तिला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. त्यानं उलट जास्तच लागायचं.

दोन वर्षं भरली तो दिवस नवमीचा होता. हेमांगी मुद्दाम आली होती. अकराजणी पाळूवर जमल्या, न बोलणाऱ्या तिघीही आल्या, पण चार हात लांब उभ्या राहिल्या. हेमांगीनं बायकांचा नवा अहवाल लावला. पाचही बोये धरून, काहीही न गाळता. तिसऱ्या वाढल्या आहेत, फोन म्हणाला. मग शेवटची ओळ आली.

'या अहवालाच्या उलट सांगणारी टिकाऊ मांडणी आढळली नाही.'

दोन वर्षांत कुणाच्याही अहवालाखाली हे वाक्य हेमांगीनं पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी ती घाबरली. यंत्राला न सुचलेली एखादी मांडणी राहिली असेल तर? तिला स्वतःला एकदा अष्टमी सुचली नव्हती.

आत्यानं तिच्याकडे एकवार बघितलं आणि लुगडं खोचून पाण्यात उतरली. हेमांगीही मागोमाग गेली. भांग होता, पाणी कमरेला लागत होतं. तळाचं पाणी घोट्याला वरच्याइतकंच लागलं, कमी नाही, जास्त नाही. आत्या देवीच्या फाटीच्या कडेला थांबली, बांबूच्या अलीकडेच. वाकून तिनं चिखलात हात घातला आणि वर काढला. तळहातावर एक तिसरी होती, नखाएवढी. किंचित उघडी.

हीही मेलेलीच, असं हेमांगीला वाटलं. आत्यानं तिला बोट लावायला सांगितलं. तिनं लावलं, आणि शिंपला टपकन मिटला.

आत्यानं ती तिसरी परत चिखलात दाबली, फाटीच्या आतल्या अंगाला. मग पाळूवर उभ्या असलेल्या सगळ्यांना, त्या तिघींनाही, हात करून तिनं टोपल्या घेऊन यायला सांगितलं.